एका दुखण्याला तीन गोळ्या कशासाठी?

पायवाट (धागाकर्ती):
नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. गेल्या वर्षापासून जिना किंवा चढ चढताना त्यांच्या छातीच्या मधोमध कोणी पट्टा आवळावा तसे होते, आणि आहे त्या जागी दोन-तीन मिनिटे थांबले की ते आपोआप ओसरते. तपासण्यांनंतर स्थिर अँजायना, म्हणजे जुन्या पुस्तकांतला हृदयशूळ, असे निदान झाले. दुखण्यासाठी त्यांना मेटोप्रोलॉल, ॲम्लोडिपिन आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट अशी तीन औषधे चालू आहेत. शिवाय ॲस्पिरिन आणि स्टॅटिन आहेत, आणि अचानक दुखले तर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी खिशात असते ती वेगळीच.

दुखणे एक असताना तीन औषधे कशासाठी लागतात, हा माझा प्रश्न आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतला अडथळा यांतली एकही गोळी काढत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मग या गोळ्या करतात तरी काय? आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. तिसरे औषध सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे वडील दोन मजले न थांबता चढत होते, आणि आता पुन्हा पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभे राहतात. शरीराला औषधाची सवय होते का?

नाडीपरीक्षक:
मी रुग्णसेवेतून निवृत्त झालो आहे, तेव्हा जे लिहितो ते समजावणे म्हणून घ्यावे, सल्ला म्हणून नव्हे. मात्र एक सल्ला आधी देतोच. दुखणे पूर्वीपेक्षा थोड्या श्रमाने, जास्त वेळा किंवा बसल्या जागी होऊ लागले असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना आजच कळवा, कारण स्थिर अँजायना अस्थिर होण्याची सुरुवात अशीच असते.

आता प्रश्नाकडे येतो. इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातला थोडाच प्राणवायू घेतात आणि गरज पडली की अधिक ओढतात. हृदयाच्या स्नायूला ही सोय नाही. तो स्वस्थ बसलेल्या माणसातही रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेत असतो. त्यामुळे काम वाढले की त्याच्यापुढे रक्ताचा ओघ वाढवणे हा एकच मार्ग उरतो, आणि रोहिणी अरुंद झालेली असेल तर नेमका तोच अडतो. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की स्नायू तक्रार करतो, तिला आपण अँजायना म्हणतो. हृदयाची मागणी ठरते ती ठोक्यांची गती, आकुंचनाचा जोर आणि जवनिकेच्या, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याच्या, भिंतीवरचा ताण यांवर. तुमच्या वडिलांच्या गोळ्या या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या बाजूंनी हात घालतात.

शंकासुर:
म्हणजे आवक वाढत नाही म्हणून खर्चाला कात्री लावायची. हा उपाय आमच्या घरात महिनाअखेरीस नेहमीच चालतो, पण त्याला औषध म्हणतात हे ठाऊक नव्हते.

जुने पान:
शंकासुर, आपण विनोद केलात खरा, पण स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस नेमका हाच विचार मांडला. त्याआधी सगळ्यांची धडपड हृदयाला जास्त रक्त कसे पोचवता येईल यासाठी होती. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला आणि ॲड्रेनालिनची हाक हृदयापर्यंत पोचूच दिली नाही तर त्याची गरजच कमी होईल, असे म्हटले. पहिले औषध, प्रोनेथॅलॉल, उंदरांमध्ये गाठी आढळल्यामुळे मागे पडले. त्यानंतरचे प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. मेटोप्रोलॉल हे त्याच कुळातले; या कुळाला बीटा ब्लॉकर म्हणतात.

दुखण्याला अँजायना हे नाव देणारे इंग्लंडचे विल्यम हेबरडेन. त्यांनी १७६८ मध्ये केलेले वर्णन धागाकर्तीच्या पहिल्या परिच्छेदाशी इतके जुळते की गंमत वाटते: चालताना, विशेषतः चढावर, छातीत आवळून येते आणि थांबताच नाहीसे होते. उपाय मात्र त्यांच्या हाती फारसा नव्हता.

मंदगती:
बीटा ब्लॉकर मी सहा वर्षे घेत आहे, म्हणून अनुभव लिहितो. नाडी ७८ वरून ५६ वर आली. पहिला महिना अंगात ओली वाळू भरल्यासारखे जड वाटत असे, आणि बोटांची टोके अजूनही गार पडतात. पण पूर्वी बस पकडायला दहा पावले धावलो की जी कळ येत असे, ती गेली.

माझी चूकही सांगतो. एका प्रवासात गोळ्या घरी राहिल्या आणि चार दिवसांनी काय बिघडते, असे म्हणून मी तसाच राहिलो. तिसऱ्या दिवशी सामान उचलताना छातीत असे दुखले की पूर्वी कधीच दुखले नव्हते. परत आल्यावर समजले की औषधाने दारे अडवून धरलेली असताना हृदयाच्या पेशी ॲड्रेनालिनसाठी आणखी दारे तयार करून ठेवतात. औषध एकदम थांबले की ती सगळी एकाच वेळी उघडी पडतात. बंद करायचेच असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवत न्यायची असते.

नाडीपरीक्षक:
मंदगती यांनी लिहिलेली चूक मी नोकरीच्या काळात फार वेळा पाहिली आहे. त्यात एक भर घालतो. आपल्या इतर अवयवांना हृदय आकुंचन पावताना रक्त मिळते; डाव्या जवनिकेच्या स्नायूला मात्र ते मुख्यतः हृदय सैल पडलेले असताना मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. गती कमी झाली की दोन ठोक्यांमधली ही विश्रांतीची वेळ लांबते. म्हणजे हे औषध खर्च कमी करते आणि थोडी आवकही वाढवते.

दम्याच्या रुग्णांना ही औषधे जपून द्यावी लागतात किंवा टाळावी लागतात. मधुमेहात साखर खाली गेल्याची धडधड यांच्यामुळे जाणवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

रसायनी:
नायट्रोग्लिसरिनबद्दल मी लिहिते, कारण रसायनशास्त्र शिकवताना या रेणूने मला नेहमीच भुरळ घातली. हे तेच द्रव्य, ज्यापासून डायनामाइट बनते. इटलीच्या अस्कानिओ सोब्रेरो यांनी ते १८४७ मध्ये तयार केले आणि चाखून पाहिल्यावर प्रचंड डोके दुखते, अशी नोंद केली. पुढे १८६७ मध्ये ब्रंटन यांनी अमाइल नायट्राइट हुंगायला देऊन अँजायनाची कळ थांबवून दाखवली, आणि १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिन रुग्णांना देऊन पाहिले. त्याआधी मरेल यांनी बाटलीचे ओले बूच स्वतःच्या जिभेला लावले होते. हृदय इतके धडधडू लागले की हातातली लेखणी प्रत्येक ठोक्यागणिक उडत होती. आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या दिवसांत हेच औषध देण्यात आले, आणि नियतीची ही थट्टा त्यांनी १८९६ मधल्या पत्रात स्वतःच नोंदवली आहे.

ते काम कसे करते, हे शंभर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. रक्तवाहिनीच्या भिंतीत या रेणूपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, तो स्नायूपेशीत चक्रीय जीएमपी नावाचा निरोप्या वाढवतो आणि पेशी सैल पडते. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना या कामासाठी १९९८ चे नोबेल मिळाले; ज्या द्रव्याने नोबेल श्रीमंत झाले, त्याचे कोडे सोडवल्याबद्दल नोबेल.

शंकासुर:
मग ही गोळी अडथळ्याची रोहिणीच रुंद करते ना? खर्चाची गोष्ट इथे कुठे आली?

रसायनी:
थोडेफार रोहिण्यांचेही रुंदीकरण होते, पण मुख्य परिणाम नीलांवर होतो. नीला सैल झाल्या की रक्त त्यांच्यात साठून राहते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. हृदय कमी भरले की त्याचा आकार लहान राहतो, आणि लहान फुग्याच्या भिंतीवर जसा ताण कमी येतो तसा जवनिकेच्या भिंतीवरचा ताण उतरतो. म्हणजे पुन्हा खर्चालाच कात्री. रक्त खाली साठते म्हणूनच ही गोळी उभ्याने घेतली तर भोवळ येते, बसून घ्यावी. पोटात गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग वाटेतच संपवते, म्हणून ती जिभेखाली ठेवायची. तेथून ती एक ते तीन मिनिटांत काम सुरू करते. बसून एक गोळी घेतल्यावर पाच मिनिटांत दुखणे उतरले नाही किंवा वाढले, तर दुसरा विचार न करता रुग्णवाहिका बोलवावी.

एक सूचना संकोच बाजूला ठेवून लिहिते. सिल्डेनाफिल आणि त्या वर्गातल्या गोळ्या चक्रीय जीएमपीचा नाश थांबवतात. नायट्रेटसोबत त्या घेतल्या तर रक्तदाब जीवघेणा घसरू शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. वडिलांना विचारणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारायला सांगा, पण ते विचारले गेलेच पाहिजे. गमतीचा भाग असा, की सिल्डेनाफिलची पहिली चाचणी अँजायनासाठीच झाली होती.

मोजेवाला:
ॲम्लोडिपिनचा अनुभव माझा. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर रबराची खोल खाच दिसते आणि अंगठा दाबला तर तिथे खड्डा राहतो. मला वाटले, मूत्रपिंडे बिघडली. डॉक्टरांनी समजावले की हे औषध स्नायूपेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवते, त्यामुळे लहान रोहिण्या सैल पडतात, पण त्यांच्या पुढच्या नीला तेवढ्या सैल पडत नाहीत. मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. साठलेले पाणी हे कारणच नसल्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीचा यावर फारसा उपयोग होत नाही. माझी मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा सूज पुष्कळ उतरली.

नाडीपरीक्षक:
मोजेवाल्यांच्या डॉक्टरांनी उत्तम समजावले आहे. कॅल्शियम अडवणाऱ्या औषधांची दोन घराणी आहेत, एवढेच जोडतो. ॲम्लोडिपिन आणि निफेडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करतात. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयाची गतीही कमी करतात. म्हणून व्हेरापामिल बीटा ब्लॉकरसोबत देणे धोक्याचे असते, कारण दोघे मिळून ठोके फार मंद करू शकतात. काहींना अडथळ्यामुळे नव्हे तर रोहिणी अचानक आवळल्यामुळे, बहुधा पहाटे आणि विश्रांतीत, दुखते. प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले. तिथे कॅल्शियम अडवणारी औषधे आणि नायट्रेट गुणकारी ठरतात, आणि बीटा ब्लॉकरने उलट बिघडू शकते.

आता ‘तीन कशासाठी’ याचे उत्तर देता येईल. नायट्रेट आणि ॲम्लोडिपिन यांनी दाब उतरला की शरीर घाबरून ठोके वाढवू पाहते. मेटोप्रोलॉल ते होऊ देत नाही. मेटोप्रोलॉलने गती मंदावली की हृदय जास्त भरते आणि किंचित मोठे होते. नायट्रेट ते लहान ठेवते. हृदयाला ज्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, तो ॲम्लोडिपिन हलका करते. तिघे एकमेकांच्या चुका झाकतात. प्रत्येकाला तिन्ही लागतातच असे नाही. पुष्कळांचे एका-दोघांवर भागते.

थेट बोल:
एवढे वाचून मला एकच कळले, की ही सगळी मलमपट्टी आहे. अडथळा आहे तर स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालावा आणि मोकळे व्हावे. माझ्या भावाने तेच केले. दुसऱ्या दिवसापासून एकही कळ नाही. वृद्ध माणसाला आयुष्यभर गोळ्या चारणे ही टाळाटाळ नव्हे काय?

जुने पान:
थेट बोल, आपल्या भावाला बरे वाटले याचा आनंद आहे, पण टाळाटाळ हा शब्द मान्य नाही. स्थिर अँजायनामध्ये चांगल्या औषधोपचारासोबत आधीच स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे २००७ च्या करेज चाचणीने तपासले आणि फरक आढळला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत ५,१७९ रुग्ण होते. तिथेही एकूण निष्कर्ष तोच निघाला. २०१७ च्या ऑर्बिटा चाचणीत तर काही रुग्णांवर स्टेंट घातल्याचा केवळ देखावा केला गेला, आणि औषधे पुरेशी चालू असलेल्या त्या रुग्णांत चालण्याच्या क्षमतेत सांख्यिकीय फरक दिसला नाही.

थेट बोल:
मग माझ्या भावाला भासच झाला म्हणायचे?

जुने पान:
तसे मुळीच नाही, आणि दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑर्बिटाच्याच गटाने २०२३ मध्ये दुसरी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात दुखण्याची औषधे जवळजवळ बंद ठेवलेली होती, आणि तिथे स्टेंटने देखाव्यापेक्षा दुखणे स्पष्ट कमी झाले. इस्केमिया चाचणीतही वारंवार दुखणाऱ्यांना स्टेंट किंवा बायपासने अधिक आराम पडला. म्हणजे त्रासासाठी दोन्ही मार्ग खरे आहेत. डाव्या मुख्य रोहिणीतला अडथळा, अस्थिर अँजायना किंवा प्रत्यक्ष झटका यांचे गणित मात्र पूर्ण वेगळे, तिथे थांबायचे नसते.

थेट बोल:
‘टाळाटाळ’ मागे घेतो. ‘मलमपट्टी’ राहू द्या.

नाडीपरीक्षक:
मलमपट्टी मीही राहू देईन, कारण त्यात तथ्य आहे. स्थिर अँजायनात दुखणे थांबवणारी औषधे आयुष्य वाढवतात, असे सर्वसाधारणपणे सिद्ध झालेले नाही. ते काम धागाकर्तीने ‘शिवाय’ म्हणून बाजूला सारलेल्या दोन गोळ्या करतात. ॲस्पिरिन बिंबिकांचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांचे, एक विकर (एन्झाइम) कायमचे निकामी करते, आणि बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे ती आपल्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात ते पुन्हा बनवू शकत नाही; स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवून रोहिणीतला थर फुटण्याची शक्यता घटवते. यांनी छातीत काहीच जाणवत नाही, म्हणून लोक नेमक्या याच गोळ्या सोडतात.

दिवेलागण:
मला बीटा ब्लॉकर सोसले नाही, म्हणून आयव्हाब्रॅडिन दिले होते. हे औषध हृदयाच्या गतिकेंद्रातला एक विशिष्ट विद्युत प्रवाह मंद करते. दाबाला किंवा आकुंचनाच्या जोराला हात लावत नाही. पण डोळ्याच्या पडद्यातही तसाच एक प्रवाह असतो. रात्री अंधाऱ्या खोलीतून उजेडात आले की दिव्याभोवती क्षणभर प्रकाशाचे कडे उमटे, आणि हलणाऱ्या हाताच्या मागे त्याचीच चमकती सावली राही. सांगितलेले नसते, तर मी घाबरून गेले असते. २०१४ च्या एका मोठ्या चाचणीनंतर त्याचा वापर बराच जपून होतो, असे मला सांगण्यात आले.

आता रॅनोलाझिनवर आहे. ते नाडी आणि दाब दोन्ही जवळजवळ तसेच ठेवते, म्हणून दाब मुळात कमी असलेल्या माझ्यासारखीला सोयीचे. पेशीत उशिरापर्यंत झिरपत राहणारा सोडियम ते अडवते, त्यामुळे आत कॅल्शियम साचत नाही आणि स्नायूला नीट सैल पडता येते. बद्धकोष्ठ मात्र पिच्छा सोडत नाही.

शंकासुर:
यादी पूर्ण करायची म्हणून विचारतो, ट्रायमेटाझिडिन आणि निकोरांडिल ही काय भानगड आहे?

नाडीपरीक्षक:
ट्रायमेटाझिडिन हृदयाचे इंधन बदलते. चरबी जाळायला ग्लुकोजपेक्षा जास्त प्राणवायू लागतो, म्हणून ते स्नायूला ग्लुकोजकडे वळवते. कल्पना सुंदर आहे, पुरावा मात्र मला तितका भक्कम वाटत नाही. हातापायांना कंप सुटण्याच्या तक्रारींमुळे युरोपच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये त्यावर बंधने घातली, आणि पार्किन्सन असलेल्यांना ते देत नाहीत. निकोरांडिल अर्धे नायट्रेट आहे आणि अर्धे पोटॅशियमची वाट उघडणारे. तोंडात न भरणारे व्रण पडले, तर त्याच्यावर संशय घ्यावा.

पण सवयीचा मूळ प्रश्न मागेच राहिला. पायवाट, वडील मोनोनायट्रेट नेमके किती वाजता घेतात?

पायवाट:
सकाळी ८ आणि रात्री ९. पाकिटावर ‘८ आणि ३’ असे लिहिलेले आहे, पण दिवसातून दोनदा म्हणजे सकाळ-रात्र, असे समजून ३ हा आकडा आम्ही लिहिण्यातली चूक मानला. रात्री बाकीच्या गोळ्या असतातच, त्यांच्याबरोबर ती देत होतो. काही चुकले का?

रसायनी:
चुकले ते इथेच असावे! नायट्रेट रक्तात अखंड राहिले की रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. डायनामाइटच्या कारखान्यांतले कामगार सोमवारी डोकेदुखीने हैराण होत, आठवडाभरात ती जाई, आणि सुटीनंतरच्या सोमवारी पुन्हा सुरू होई. म्हणजे सरावही दोन दिवसांत पुसला जाई. म्हणून रोज १० ते १२ तास शरीर नायट्रेटविना ठेवतात. मोनोनायट्रेटच्या साध्या गोळ्या सात तासांच्या अंतराने देतात त्या यासाठीच: ८ आणि ३, मग रात्रभर सुटी. आपण ८ आणि ९ ला दिल्याने ती सुटीच मिळाली नाही. दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळू विरघळणाऱ्या गोळीचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा आधी आपली गोळी कोणती ते डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

पायवाट:
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व. पहिल्याच प्रतिसादानंतर डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी त्याच दिवशी बोलावून हृदयाचा आलेख (ईसीजी) काढला आणि अस्थिरतेचे लक्षण नाही, असे सांगितले. गोळी साधीच होती आणि ३ हा आकडा बरोबर होता. एवढे वाकडे अंतर का, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. वेळ बदलल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून फरक जाणवू लागला. काल वडील दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता आले. तिथे थांबले, ते शेजाऱ्यांशी बोलायला.

शंकासुर:
दुपारी तीनची गोळी झोपेत चुकत नाही ना?

पायवाट:
चुकते, म्हणून गजर लावला आहे. गजर झाला की ते कुरकुरत उठतात, गोळी घेतात आणि पुन्हा आडवे होतात. जिभेखालच्या गोळ्यांची बाटलीही तपासली. ती उघडून किती दिवस झाले, हे घरात कोणालाच सांगता येईना. नवी आणली आहे, आणि तिच्यावर उघडल्याची तारीख त्यांनी स्वतः लिहिली आहे.